भट्टीत राहिलेलं

बांद्याच्या नाक्यावर एसटी थांबली, तेव्हा हे म्हणाले,
"अण्णांना इथं कागद दाखवावा लागायचा.
त्या झाडापासून परदेश."
कोणत्या झाडापासून, ते काही सांगता येईना.
आम्हांला कुणी काही विचारलं नाही.
कंडक्टरनं फक्त पाच रुपये सुटे मागितले.

चाळीस वर्षं इचलकरंजीत
एका पत्र्याखाली आठ माग चालले आमचे.
त्यांनी ह्यांचा डावा कान नेला.
म्हणून मी उजवीकडून चालते.
लग्नाच्या फोटोत तेवढी डावीकडे आहे,
तेव्हा कुठं माहीत होतं.
गेल्या दिवाळीत माग भंगारात गेले.
वजनावर.

डिचोलीत बुधाजी कुंभारानं चाकावर मातीचा गोळा थापला,
ह्यांना म्हणाला, बसा.
बसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
साठी उलटल्यावर पहिल्यांदाच न कळणाऱ्या कामाला.
माती डुगडुगली, एका अंगाला झुकली,
लोट्याची पणती झाली, पणतीचं काहीच नाही.
बुधाजी हसला नाही.
त्यानं मांडणीवरचं भाजलेलं मडकं उचललं,
बोटाच्या पेरानं वाजवलं: "आयक."
मग दुसरं.
"हें फुटकें. दिसना, पूण आयकूंक येता."

ह्यांनी दुसरं मडकं उजव्या कानाशी धरून वाजवलं.
मान हलवली.
मग डाव्या कानाशी नेलं
आणि तिथंच धरून राहिले,
बाहेर रिक्षावाला हॉर्न देईपर्यंत.
काय ऐकलं, मी विचारलं नाही.
दोन्ही मडकी घेतली.
फुटक्याचे पैसे बुधाजी घेईना.

पणजीत पोई खाल्ली, गरम, आत नुसती वाफ.
"भाकरीची लांबची बहीण," हे म्हणाले,
आणि आणखी दोन मागवल्या.

मळ्यातल्या एका अरुंद जिन्याच्या घरात
क्लॅरिस नावाची पोरगी टाइल रंगवते.
भिंतीवर दुसऱ्यांच्या घरांची नावं वाळत होती,
कुणाची मुलगी, कुणाचा संत, कुणाचं गाव.
"कितें बरोवं?" तिनं विचारलं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
आमच्या घराला नाव नाही.
लाइटबिलावर आहे तो नुसता आकडा.
मी म्हटलं, दोघांची लिहू, मालन-रेवण.
हे म्हणाले, पतसंस्थेसारखं वाटतं.
मी म्हटलं, मग अण्णांचं.
हे काही बोलले नाहीत,
ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

मग ह्यांनी तिच्या हातून कुंचला घेतला.
मडकं न जमलेल्या त्याच बोटांनी
एक रेघ काढली, खाली दुसरी,
दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे पोकळी,
पोकळीत बारीक कांडी.
हात जराही हलला नाही.
"होडी!" क्लॅरिस म्हणाली, "सुंदर. मांडवीतली?"

धोटा होता तो.
दिवसातून किती हजार वेळा
इकडून तिकडे गेलेला.
मी सांगणार होते.
हे म्हणाले, "हो. होडीच."

रंग राखेसारखा दिसत होता.
"आता असाच दिसतो," ती म्हणाली,
"भट्टीतून निघाला की निळा.
कधी कधी तडकतेही.
आठवड्यानं कुरिअर करते."
पत्ता मी लिहून दिला, आकड्यासकट.

रात्रीच्या गाडीत खिडकी ह्यांना हवी होती,
म्हणून मी डावीकडे बसले.
बांदा कधी गेलं, कळलं नाही.
मांडीवरचं मडकं खड्ड्याखड्ड्याला कुईकुई करत होतं,
दोनांपैकी कुठलं, ते अंधारात ओळखू येईना.
"होईल ना निळा?" ह्यांनी विचारलं.
होईल, मी म्हटलं,
चुकीच्या कानात.
ह्यांनी मान हलवली.